डच सागरचित्रे : वादळ किती खरे?

१५९४ सालच्या मार्च महिन्यात ॲमस्टरडॅमच्या रोमर व्हिसर नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याला मुलगी झाली. हा गृहस्थ कवीही होता. त्याने मुलीचे नाव ठेवले मारिया टेसेलस्खाडे. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'टेसेलचे नुकसान'. नवसाच्या मुलाला धोंडू म्हणणाऱ्या आपल्या समाजालाही हे नाव जरा चमत्कारिक वाटेल. त्यामागची हकिकत अशी, की तीनच महिन्यांपूर्वी, २४ डिसेंबर १५९३ च्या रात्री, टेसेल बेटाच्या आडोशाला अनुकूल वाऱ्याची वाट पाहत दीडशेच्या आसपास जहाजे नांगर टाकून उभी होती. वादळ झाले आणि त्यातली सुमारे चाळीस जहाजे बुडाली. हजाराच्या वर खलाशी मेले. व्हिसरचाही माल त्यात गेला. पुढे ही टेसेलस्खाडे कवयित्री म्हणून आणि काचेवर अक्षरे कोरणारी कलावती म्हणून नावारूपाला आली. पण बापाचा तोटा जन्मभर तिच्या नावाला चिकटून राहिला.

ज्या देशात समुद्राचे भय पाळण्यापर्यंत येऊन पोचते, त्या देशात चित्रकार समुद्राकडे वळले यात नवल नाही. युरोपात समुद्र आणि जहाजे हाच मुख्य विषय मानून आयुष्यभर चित्रे काढणारे चित्रकार प्रथम डच लोकांत निपजले. साधारण १५९० ते १७०० या काळात त्यांनी सागरचित्रांची एक मोठी परंपरा उभी केली. या चित्रांबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू येते: "डच चित्रे म्हणजे त्या काळचे छायाचित्रण." दोर न् दोर बरोबर, शीड न् शीड जागच्या जागी, म्हणून चित्रातले सगळेच खरे, असा त्याचा भावार्थ. विज्ञान शिकवणाऱ्याने हे वाक्य तपासून पाहावे असे मला वाटते. निरीक्षण अचूक असले म्हणजे निष्कर्षही खरा असतो काय, हा आपल्या प्रयोगवहीतला प्रश्न या चित्रांनाही विचारता येतो.

जहाज दिसले, मग पाणी दिसले

या परंपरेचा आद्य पुरुष म्हणजे हार्लेम गावचा हेंड्रिक व्रोम. १६०४ मध्ये कारेल व्हान मांडर याने चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यात व्रोमची गोष्ट आहे. आपली धार्मिक चित्रे विकायला तो स्पेनकडे निघाला असता पोर्तुगालच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले. वाचलेल्यांना किनाऱ्यावरच्या लोकांनी आधी चाचे समजले. पण लाटांबरोबर संतांची चित्रे वाहून आली, तेव्हा ही माणसे आपल्याच धर्माची आहेत अशी त्यांची खात्री पटली. पुढे व्रोमने त्याच वादळाचे चित्र काढून विकले. म्हणजे सागरचित्रांच्या या धंद्याचे भांडवल एका जहाजफुटीतून उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल.

व्रोमचे १५९९ सालचे एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पूर्वेकडे गेलेल्या दुसऱ्या डच मोहिमेतील चार जहाजे मिरी आणि मसाले भरून परत आली, त्या प्रसंगाचे हे चित्र. बंदरात होड्यांची दाटी आहे, निशाणे फडकत आहेत, जहाजांची कोरीव पाठ इंच इंच रंगवली आहे. मात्र पाणी पाहा. लाटा एकसारख्या, ओळीने मांडलेल्या, जाजमावरच्या नक्षीसारख्या. व्रोमला जहाज माहीत होते. पाण्याकडे त्याने जहाज ठेवण्याची जागा म्हणून पाहिले.

पाण्याकडे पाण्यासाठी पाहिले ते यान पोर्सेलिसने (सुमारे १५८४ ते १६३२). हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात १६३१ सालचे त्याचे एक लहानसे चित्र आहे: किनाऱ्याजवळ फुटणारे जहाज. झगझगीत रंग नाहीत, सोनेरी नक्षी नाही. करडे, तपकिरी, पांढरट असे दोनतीनच रंग. आकाश आणि पाणी जवळजवळ एकाच मिश्रणातून काढल्यासारखे, आणि वादळात ते खरोखर तसेच दिसते. हवेत उडणाऱ्या तुषारांमुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो, रंगांतला फरक कमी होतो आणि दूरची वस्तू फिकट होत जाते. पोर्सेलिसने हे डोळ्यांनी टिपले.

कॉन्स्टंटाइन हायगेन्स या मुत्सद्द्याने पोर्सेलिसला व्रोमपेक्षा वरचढ ठरवले होते. हा आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या ख्रिस्तियान हायगेन्सचा बाप. बापाने समुद्राचे चित्र पारखले. लेकाने प्रकाशाच्या तरंगांचा सिद्धान्त मांडला आणि समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून लंबकाच्या घड्याळावर वर्षानुवर्षे डोके खपवले.

व्रोम आणि पोर्सेलिस यांच्यातला आणखी एक फरक विद्यार्थ्यांना फूटपट्टीने मोजता येईल. व्रोमच्या चित्रांत क्षितिजरेषा वर असते, पोर्सेलिसच्या चित्रांत ती खाली उतरते. सपाट समुद्रावर क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. म्हणून क्षितिजरेषा चित्रातल्या जहाजाला ज्या उंचीवर छेदते, तितक्याच उंचीवर चित्रकाराने आपला डोळा कल्पिला आहे असे समजावे. रेषा डोलकाठीच्या मध्यावर असेल, तर पाहणारा उंच बुरुजावर आहे. ती जहाजाच्या कठड्याच्याही खाली असेल, तर पाहणारा लहान होडीत किंवा पुळणीवर उभा आहे. पाण्यापासून डोळा दोन मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर असते. व्रोम आपल्याला प्रेक्षकाच्या सज्जात बसवतो. पोर्सेलिस खाली, लाटेच्या उंचीला आणून उभा करतो. भीती वाटते ती इथे.

वाऱ्याशी हिशेब

अचूकतेच्या कसोटीवर सर्वांत खरा उतरतो तो धाकटा विलेम व्हान द व्हेल्ड (१६३३ ते १७०७). त्याच नावाचा त्याचा बाप चित्रे काढण्यासाठी लहान गलबतातून प्रत्यक्ष आरमारी लढायांत जाई. १६६६ च्या जून महिन्यात इंग्रज आणि डच यांच्यात चार दिवस लढाई चालली, तेव्हाही तोफांच्या धुरात तो कागद-पेन्सिल घेऊन हजर होता. गंमत अशी, की १६७२-७३ च्या हिवाळ्यात बापलेक दोघेही शत्रूच्या देशात, म्हणजे इंग्लंडला निघून गेले. दुसऱ्या चार्ल्स राजाने दोघांना वर्षाला शंभर शंभर पौंडांचा तनखा बांधून दिला: बापाने लढायांची रेखाटने करायची आणि मुलाने त्यांत रंग भरायचे.

धाकट्या व्हेल्डचे 'वाऱ्याचा झोत' हे सुमारे १६८० चे चित्र राइक्सम्युझियममध्ये आहे. भर समुद्रात एक मोठे जहाज वाऱ्याच्या तडाख्याने कलले आहे. या चित्रापुढे विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: वारा कुठून येतो आहे? मग निशाणांची दिशा, शिडांचा फुगवटा, जहाजाचा कल, लाटांच्या माथ्यावरून उडणारा फेस, या प्रत्येकाकडे साक्षीदार म्हणून पाहावे. या चित्रकाराचे साक्षीदार फुटत नाहीत. सामान्य चित्रकारांत मात्र निशाण पूर्वेकडे आणि शीड पश्चिमेकडे, असे घोटाळे सापडतात. आपल्या कॅलेंडरांवरची होडीची चित्रे याच कसोटीला लावून पाहावीत. चांगली करमणूक होते.

शिडाचा हिशेबही इथेच सांगता येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून झोत येण्यापूर्वी शिडे उतरवणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असे. त्यासाठी ओल्या, डुलणाऱ्या काठ्यांवर माणसांना चढावे लागे. वरून पडलेला माणूस बहुधा परत मिळत नसे.

हॉलंडात खडक कुठून आले?

आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले १६६७ सालचे एक चित्र घेऊ. चित्रकार लुडॉल्फ बाकहौझन (१६३० ते १७०८). हा आधी ॲमस्टरडॅमच्या एका पेढीवर कारकून होता आणि त्याचे अक्षर फार सुंदर होते. पुढे तो सागरचित्रकार झाला. वादळ सुटले की तो होडी करून समुद्रात जाई. खलाशी घाबरून परत फिरत, मग हा घरी धावत येऊन डोळ्यांत साठवलेले कॅनव्हासवर उतरवी, असे त्याचा चरित्रकार हौब्राकेन सांगतो. या चित्रात खडकाळ किनाऱ्यापाशी सापडलेली तीन जहाजे आहेत. उंच कडे आहेत, फुटक्या जहाजाचे तरंगते अवशेष आहेत, खवळलेल्या लाटा आहेत आणि ढगांतून पिवळसर उजेड फुटतो आहे. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होईल असे हे चित्र आहे.

पण नकाशा उघडून पाहा. हॉलंडच्या किनाऱ्यावर असे कडे नाहीत. तिथे मैलोगणती वाळूच आहे. डच जहाजे लाकूड आणायला नॉर्वेला जात, भूमध्य समुद्रात जात. तिथे खडक होते. तरीही घराजवळचा डच खलाशी ज्याच्या धास्तीत असे तो खडक नव्हता. तो होता पाण्याखाली दडलेला वाळूचा दांडा. टेसेलची ती चाळीस जहाजे उथळ पाण्याने आणि वाळूने गिळली. तिथल्या तळाशी त्या शतकातली कितीतरी जहाजे अजून रुतलेली आहेत. त्यांपैकी एकातून २०१४ मध्ये पाणबुड्यांनी एक रेशमी झगा वर काढला, तोही साडेतीनशे वर्षांनंतर जवळजवळ धड! वाळूने गाडून टाकले की हवा लागत नाही, कुजणे मंदावते. जी वाळू जहाज मारते तीच त्याचे सामान जपते.

वाळूचा दांडा इतका घातक का, हे लाटेच्या गणितातून कळते. ऐंशी मीटर लांबीची लाट खोल पाण्यात सुमारे सात सेकंदांच्या आवर्तनाने, ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली, म्हणजे या लाटेच्या बाबतीत चाळीस मीटरच्या आत आली, की लाटेला तळ जाणवू लागतो. खोली चार मीटरवर आली की वेग जवळजवळ निम्मा होतो. आवर्तनकाळ मात्र तोच राहतो. म्हणून मागच्या लाटा पुढच्यांवर दाटतात, लांबी आखडते, उंची वाढते, उतार उभा होतो आणि शेवटी माथा पुढे कोसळतो. खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. खोल समुद्रातली लाट जहाजाला उचलते आणि खाली ठेवते. दांड्यावरची लाट त्याला उचलून तळावर आपटते. असे वारंवार झाले की लाकडी कणा मोडायला वेळ लागत नाही.

यात वाऱ्याची भर पडते. त्या काळच्या चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या दिशेशी साधारण साठ-सत्तर अंशांपेक्षा कमी कोन करून पुढे जाता येत नसे. वादळात बरीच शिडे उतरवावी लागत, जहाज बाजूला घसरत जाई आणि तेवढेही साधत नसे. हॉलंडचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिथले मोठे वारे नैर्ऋत्य ते वायव्य या दिशांनी येतात. म्हणजे वादळ जहाजाला जमिनीकडे रेटते, आणि जमिनीजवळ वाळू. एरवी आपण 'किनारा गाठला' म्हणजे सुटलो असे म्हणतो. शिडाच्या जहाजाच्या खलाशाला वादळात किनारा हाच मृत्यू वाटे आणि भर समुद्र त्यातल्या त्यात सुरक्षित. नांगर धरला नाही तर शेवटचा उपाय म्हणून डोलकाठ्या तोडून टाकत; वाऱ्याला धरायला काही उरू नये म्हणून.

मग बाकहौझनने वाळू सोडून खडक का काढले? कारण वाळूचा दांडा चित्रात दिसत नाही. संकट डोळ्यांना दिसावे लागते, आणि उभा काळा कडा जितका स्पष्ट दिसतो तितके पाण्याखालचे काही दिसत नाही. ही चित्रकाराची अडचण खरी आहे. पण अडचण सुटू शकते, हे पोर्सेलिसने छत्तीस वर्षे आधी दाखवून दिले होते. त्याने दांडा दाखवला नाही, दांड्याचे काम दाखवले: आखडलेल्या लाटा, कोसळणारे माथे आणि सपाट पुळण. म्हणूनच रंगांनी दिपवणाऱ्या बाकहौझनपेक्षा पोर्सेलिसचे ते लहान, मळकट चित्र मला अधिक मोलाचे वाटते.

भवसागर

खडकांचे आणखी एक कारण आहे आणि ते मराठी वाचकाला परके वाटणार नाही. भवसागर, संसारसागर, पैलतीर, तारू किनाऱ्याला लागणे, हे शब्द आपल्या संतांनी आपल्या जिभेवर ठेवले आहेत. डच समाजातही जीवन म्हणजे समुद्रप्रवास ही कल्पना उपदेशाच्या पुस्तकांतून आणि चित्रमय बोधवचनांतून घरोघर पोचली होती. लॉरेन्स ओटो गड या अभ्यासकाने १९८९ साली वादळ आणि जहाजफुटीच्या डच-फ्लेमिश चित्रांवर एक ग्रंथ लिहिला. ही चित्रे ठरीव संकेतांच्या भाषेत बोलतात, असा त्याचा मुख्य मुद्दा आहे. वादळ म्हणजे संकट, कडा म्हणजे नाश, ढगांतून येणारा उजेड म्हणजे ईश्वराची कृपा. त्या दृष्टीने पाहिले तर बाकहौझनचा पिवळा उजेड हवामानाची नोंद राहत नाही. जहाजे वाचतील की नाही, हे त्याने मुद्दाम अर्धवट सोडले आहे.

हे संकेत लोकांना किती सवयीचे होते, त्याचा पुरावा घरातल्या चित्रांत मिळतो. गाब्रिएल मेत्सूच्या एका चित्रात (डब्लिन, १६६४-६६ च्या सुमारास) मालकीण पत्र वाचत बसली आहे आणि मोलकरीण भिंतीवरच्या चित्राचा पडदा सारून पाहते आहे. पडद्याआड काय, तर वादळातली जहाजे. पत्र प्रेमाचे आहे आणि प्रेमाचे तारू कुठे चालले आहे, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. फर्मीरच्या 'प्रेमपत्र' या चित्रात मात्र भिंतीवरचा समुद्र शांत आहे.

तेव्हा 'डच चित्रे म्हणजे छायाचित्रण' हे वाक्य इथेच लंगडे पडते. दोर आणि शिडे निरीक्षणातून आली, कडे आणि उजेड संकेतांतून. दोन्ही एकाच हाताने, एकाच सफाईने रंगवले असल्यामुळे सांधा दिसत नाही. खरा तपशील खोट्या प्रसंगाला जामीन राहतो, आणि ही गोष्ट चित्रांपुरती मर्यादित नाही.

जे चित्रात नाही

आता सर्वांत अवघड प्रश्न. समुद्रावर माणसे मरत ती कशाने? केवळ चित्रे पाहून उत्तर द्यायचे तर आपण म्हणू: वादळाने आणि लढाईने. आकडे वेगळे बोलतात. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस संपली. वेंगुर्ल्यालाही १६३७ पासून तिची वखार होती. तिचे पडके अवशेष आजही तिथे आहेत. या कंपनीच्या आशियाकडे जाणाऱ्या जहाजांपैकी सुमारे दोन टक्के आणि परतणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्के जहाजे वाटेत नष्ट झाली. हा धोका लहान नव्हे. पण त्याच काळात कंपनीच्या जहाजांतून जवळजवळ दहा लाख माणसे आशियाकडे निघाली आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच परत आली. काही तिकडे स्थायिक झाली, पण फार मोठ्या संख्येने मेली ती जहाजावरच्या आणि बंदरांतल्या रोगांनी.

कंपनीच्याही आधी, १५९५ मध्ये, पूर्वेकडे निघालेल्या पहिल्या डच मोहिमेत २४९ माणसे होती. १५९७ मध्ये परतली ती शंभराहूनही कमी. चार जहाजांपैकी तीन मात्र परत आली. जहाजे टिकली, माणसे संपली. त्यांचा मोठा मारेकरी होता स्कर्व्ही. ताजी फळे-भाज्या महिनोन् महिने न मिळाल्याने क जीवनसत्त्व संपते, हिरड्या सडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस खंगून मरतो. लिंबासारख्या फळांचा गुण दर्यावर्दींना अनुभवाने थोडाफार ठाऊक होता. कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला ठाणे वसवले, ते जहाजांना ताजा भाजीपाला आणि पाणी मिळावे म्हणूनच. पण पद्धतशीर चाचणी व्हायला १७४७ साल उजाडावे लागले. जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांना जोडीजोडीने वेगवेगळे उपचार दिले, तेव्हा संत्री-लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर उठून बसली.

या मृत्यूचे चित्र सागरचित्रकारांनी काढले नाही. त्यांची नजर जहाजाच्या बाहेर राहिली. जिथे शेदोनशे माणसे कोंदट अंधारात झोपत, त्या डेकखालच्या जागेत ती शिरली नाही. जहाजावरच्या माणसाचे शरीर पाहायचे असेल, तर समुद्राचे चित्र आयुष्यात एकदाच काढणाऱ्या रेम्ब्रांकडे जावे लागते. १६३३ च्या त्याच्या गालीलच्या सरोवरातल्या वादळाच्या चित्रात एक शिष्य होडीच्या कडेवर वाकून चक्क ओकतो आहे. बाकीचे दोर ओढताहेत, ओरडताहेत, ख्रिस्ताला उठवताहेत. (हे चित्र १८ मार्च १९९० रोजी बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेले, ते अजून सापडलेले नाही.) व्हेल्डने वाऱ्याची दिशा अचूक टिपली, पण पोटात ढवळणारा एक माणूस टिपला तो रेम्ब्रांने.

याचे कारण शोधताना गिऱ्हाईक कोण होते ते पाहावे. सागरचित्रे विकत घेणारे पुष्कळ लोक व्यापाराशी बांधलेले होते. डच लोक एका जहाजाच्या मालकीचे आठ, सोळा, बत्तीस, अगदी चौसष्ट भाग पाडत, म्हणजे एक जहाज बुडाले तरी कोणाचेच सर्वस्व बुडत नसे. ॲमस्टरडॅममध्ये विम्याचे तंटे सोडवणारी कचेरी १५९८ मध्येच उघडली होती. वादळ हे मालकाचे नुकसान होते; ते हिशेबात धरता येई आणि दिवाणखान्यात टांगताही येई, कारण त्यात देवाचा हात होता आणि खलाशाचे धैर्य होते. स्कर्व्ही हे खलाशाचे नुकसान होते. त्यात दिसण्यासारखे भव्य काही नव्हते आणि दोष कोणाचा, हा प्रश्न तिथे लगेच उभा राहिला असता.

हाच प्रश्न आणखी काळ्या ठिकाणी नेतो. डच जहाजांतून मसाल्यांबरोबर गुलामही नेले जात. १ जानेवारी १७३८ रोजी डच वेस्ट इंडिया कंपनीचे 'लोइस्डेन' हे जहाज सुरिनामजवळ नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर रुतले. खलाशांनी गुलामांना डेकखाली कोंडून झाकणे ठोकून बंद केली. सहाशेंहून अधिक माणसे आत गुदमरून, बुडून मेली, खलाशी वाचले. कारण तेच, वाळू आणि उथळ पाणी. पण इथे वादळाने जितके मारले नाहीत तितके हातोडी आणि खिळ्यांनी मारले. डच सागरचित्रांच्या थोर काळात असे जहाज आतून कसे दिसते, ते दाखवायला कोणाचा कुंचला धजला नाही.

वर्गात

म्हणून ही चित्रे टाकून द्यायची काय? मुळीच नाही. वाऱ्याचा दाब, लाटांचे फुटणे, क्षितिजाची उंची, प्रकाशाचे विकिरण हे सारे एका चित्रावरून शिकवता यावे, असे साहित्य वारंवार हाती येत नाही. भूगोलाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी सोबत बसावे. चित्र समोर ठेवून चार प्रश्न विचारावेत. वारा कुठून येतो आणि चित्रातले सगळे साक्षीदार त्यावर सहमत आहेत का? जमीन कोणती आहे, आणि ती नकाशावर सापडते का? चित्रकाराचा डोळा किती उंचीवर आहे? आणि ज्यांचा जीव धोक्यात आहे ती माणसे चित्रात किती इंचांची आहेत?

चौथ्या प्रश्नासाठी पुन्हा फूटपट्टीच लागेल. बहुतेक चित्रांत उत्तर येईल, अर्ध्या इंचाहून कमी. व्हेल्ड बापलेकांची कीर्ती इंग्लंडात पुढे शंभर-दीडशे वर्षे गाजत राहिली आणि सागरचित्र कसे असावे हे त्यांच्यावरून ठरत गेले. दोर बरोबर काढायला त्यांनी साऱ्या युरोपला शिकवले. दोर ओढणारा मात्र त्या अर्ध्या इंचातच राहिला. मुलांनी चित्रापुढे उभे राहून आधी त्याला शोधावे, जहाजाचे कौतुक मग करावे.